विहिरीचा रंगीत तक्ता

विहीर उपसायची ठरली तेव्हा मी घरात नव्हतो. म्हणजे ओटीवरच होतो, पण हातात पुस्तक होतं, आणि माझ्या हातात पुस्तक असलं की आमच्या घरात मला बाहेरगावी गेलेला समजतात. बातमी जेवताना कळली.

"विहीर मी घेतलीय," जागृती म्हणाली.

"कुणाची?" मी घाबरून विचारलं.

"आपलीच. पुढच्या रविवारी उपसायची. मी प्रोजेक्ट मॅनेजर आणि तुम्ही स्टेकहोल्डर."

चौतीस वर्षं बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये काढल्यामुळे मला बरंच काही म्हटलं गेलेलं आहे, पण हे नवीन होतं. अर्थ विचारावा तर अडाणी दिसू, न विचारावा तर नकळत कशाला तरी होकार देऊन बसू, अशा पेचात मी आमटी वाढून घेतली. पेचात सापडलो की मी आमटी वाढून घेतो. माझं वजन का वाढतं हे डॉक्टरांना अजून कळलेलं नाही.

जागृती आमची एकुलती मुलगी. पुण्याच्या एका आयटी कंपनीत आहे, पण लॉकडाऊनमध्ये माकुणसारला आली ती इथल्या माडीवरच राहिली आणि तिचं ऑफिसही माडीवरच राहिलं. नऊ वर्षं ती कोड लिहिते आणि तो म्हणे फार सुरेख असतो. पण गेल्या वर्षी तिने प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा तिला सांगण्यात आलं, तुमचं काम उत्तम आहे, मात्र तुम्हाला माणसं बरोबर घेऊन काम करताना कधी कुणी पाहिलेलं नाही. ते खरं होतं. ती मीटिंगमध्ये बोलत नाही. दुसऱ्याचं चुकलं तर त्याला सांगण्याऐवजी स्वतःच गुपचूप दुरुस्त करून ठेवते. ही सवय कुणाकडून आली असा प्रश्न निघाला की पुष्पलता, म्हणजे माझी पत्नी, दुसरीकडे कुठे बघत नाही. फक्त माझ्याकडे बघते.

यंदा पुन्हा मुलाखत होती, विहिरीच्या रविवारनंतरच्या मंगळवारी.

"ते विचारणार, सुरुवातीपासून शेवटापर्यंत चार माणसांकडून करून घेतलेलं एक काम सांगा," जागृती म्हणाली. "माझ्याकडे एकही नाही, बाबा. नऊ वर्षं मी दुसऱ्याने आखलेल्या कामाचे तुकडे करतेय. यंदा नाही म्हणाले तर मी परत विचारणार नाही. मला माझं माहितीय."

मलाही माहीत होतं. 'परत असल्या कामाच्या वाटेला जाणार नाही' असं मीही एकदा म्हटलं होतं, आणि निवृत्त होईपर्यंत पाळलं. मी विहीर देऊन टाकली.

आमची विहीर घरामागच्या वाडीत आहे. आजोबांनी खणलेली. आजही चार घरं तिचं पाणी भरतात. वडील होते तोवर दर दोन-तीन वर्षांनी वैशाखात ती उपसली जायची. त्या दिवशी वाडीत जत्रा असायची. पुरुष दोरावर, बायका चुलीवर, आम्ही पोरं नारळीखाली, आणि वर येणाऱ्या गाळातून काय काय निघतं याकडे सगळ्यांचे डोळे. वडील गेल्यावर विहीर माझ्याकडे आली आणि अकरा वर्षं तिने माझ्या तोंडून 'या उन्हाळ्यात करू' एवढंच ऐकलं. आता पाण्याला वास येऊ लागला होता.

तिसऱ्या दिवशी जागृतीने सफाळ्याच्या झेरॉक्सवाल्याकडून एक तक्ता छापून आणला. चार मोठे कागद जोडून तो कोठीच्या दारावर चिकटवला. डाव्या बाजूला एक्केचाळीस कामं, वर तास, आणि मध्ये रंगीत पट्ट्या. काम ठरलं की पट्टी हिरवी, अडलं की लाल. मला तो फार आवडला. आयुष्यभर नोंदवह्यांत राहिलेल्या माणसाला रकाने दिसले की घरी आल्यासारखं वाटतं.

पुष्पलताला तो तितका आवडला नाही. "सात ते साडेसात चहा? अर्ध्या तासात? देवूभाऊ आले तर?"

देवूभाऊ आमचे शेजारी. ते आलेच. हात मागे बांधून त्यांनी तक्ता अथपासून इतिपर्यंत वाचला आणि म्हणाले, "नाना, सगळं बरोबर हाय. पन भरतीचा विचार केलाय का? समुद्राला उधाण असलं की झरे जोर करतात. पानी उपसाल तेवढं परत येल." दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले की भरतीचं काही खरं नसतं, मुख्य म्हणजे रविवारी विहीर उपसू नये, घिवलीला त्यांच्या साडूची एक बाजू रविवारीच ढासळली. साडूची नव्हे, विहिरीची. तिसऱ्या दिवशी रविवारच बरा होता. "मी आपलं सांगितलं," हे त्यांचं शेवटचं वाक्य असे, आणि ते रोज शेवटचं असे.

तक्त्याखाली आणखी एक छोटा कागद होता. त्यावर लिहिलं होतं, 'जोखमी'. एकूण बारा. पहिली अवकाळी पाऊस, दुसरी वीज जाणे, आणि तिसरी: 'बाबा. आयत्या वेळी गडबडतात. उपाय: निर्णय विचारू नये.'

मी ते तीनदा वाचलं. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. पाऊस आणि वीज यांच्या पाठोपाठ आपलं नाव आलं यातही एक मान आहे, अशी स्वतःची समजूत मी दोन दिवस घालत होतो.

मला एकच काम दिलं होतं. विहिरीचं पाणी रस्ता ओलांडून गटारात सोडायचं, त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणायचा. मी अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिला, दोनदा फाडला, तिसरा घेऊन गेलो. तिथल्या क्लार्कने सातबारा मागितला, चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि म्हणाला, "नाना, यात विहीर कुठाय?"

"वाडीत आहे."

"वाडीत असेल. कागदावर नाय. कागदावर विहीर नाय तर उपसायला परवानगी कशी द्यायची? आधी तलाठ्याकडे नोंद करा."

"पण मी लहानपणापासून तिचं पाणी पितोय."

"ते लिहून देऊ नका," तो आवाज खाली आणून म्हणाला. "उगाच नोंद नसलेल्या विहिरीचं पानी प्यायलात म्हनून अजून काय निघायचं."

तलाठी दोन दिवस प्रशिक्षणाला गेले होते. तिसऱ्या दिवशी भेटले, तर म्हणाले की नोंद पावसाळ्यानंतर होईल. पुन्हा क्लार्क. त्यालाच शेवटी माझी दया आली असावी. त्याने स्वतःच्या हाताने मजकूर केला: अर्जदाराच्या जागेतील खड्ड्यात साचलेले पाणी बाहेर सोडण्यास हरकत नाही. आजोबांच्या विहिरीला खड्डा म्हटलेला तो कागद मी खाली मान घालून घरी आणला. जागृतीने पट्टी हिरवी केली.

तोवर बाकीच्याही पट्ट्या हिरव्या झाल्या होत्या. पंप देणारा बोईसरचा हितेश, गाळ काढणारे धर्माजी आणि त्यांची सहा माणसं, सगळ्यांना जागृतीने मोबाइलवर संदेश पाठवले होते. तारीख, वेळ, काम, अगदी मुद्देसूद. एकाला फोन केला असता तर पाच मिनिटं बोलावं लागलं असतं. आम्हा दोघांनाही हे इतकं उघड होतं की त्याबद्दल आमच्यात चर्चासुद्धा झाली नाही.

रविवारी सातला हितेश टेम्पोत दोन मोठे पंप घालून हजर. "नाना, टाइम म्हणजे टाइम हां. सहाला पंप मला परत पायजे. उद्या सकाळी तारापूरला साइट हाय." पंप सुरू झाले. पाणी असं धो धो निघालं की मी अभिमानाने कठड्यावर हात टेकून उभा राहिलो.

नऊला धर्माजींची माणसं खाली उतरायची होती. नऊ वाजले. साडेनऊ. धर्माजींचा फोन लागत नव्हता. दहाला विहीर अर्धी झाली, उरलेलं पाणी गढूळ झालं, आणि हंडे घेऊन आलेल्या शेजारच्या बायका आत वाकून बघून आमच्याकडे बघायला लागल्या.

"आता प्यायचं काय?" एकीने विचारलं.

"मी म्हटलं होतं," देवूभाऊ म्हणाले. त्यांनी हे म्हटलं नव्हतं. पण गेल्या काही दिवसांत ते इतकं काही बोलले होते की छातीठोकपणे नाही म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

मी वळून पाहिलं तर जागृती नव्हती. माडीचं दार लावल्याचा आवाज आला.

तो आवाज मी ओळखला. १९८८ साली कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी खोली केली होती. बाहेर चपला काढायच्या, आत गालिचा, गार हवा, आणि नव्या प्लॅस्टिकचा एक वास, जो मला अजून कधीकधी उगाचच येतो. स्टोअर्समधल्या अकरा हजार वस्तू त्यात घालायचं काम साहेबांनी मला दिलं होतं. मी पुस्तकं वाचतो म्हणून. दर शनिवारी ते विचारायचे, "कुठवर आलं?" आणि मी म्हणायचो, "होतंय साहेब." तिसरा हिस्सासुद्धा झाला नव्हता. मागच्या याद्याच चुकीच्या होत्या आणि त्या दुरुस्त करायला मला चार माणसं हवी होती. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मोठ्या ऑफिसातले लोक पाहायला आले त्या दिवशी मी बाथरूमचं दार आतून लावून घेतलं. कुणी रागावलं नाही. काम दुसऱ्याला दिलं, तो पुढे खूप वर गेला, आणि मी माझ्या नटबोल्टांकडे परत आलो.

हे मी पुष्पलतालाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी माडीच्या दाराबाहेर पायरीवर बसून दाराला सांगितलं. समोर माणूस नसला की मला जरा बरं बोलता येतं.

दार उघडलं. जागृतीचे डोळे लाल होते. "चार माणसं मागितली असतीत तर दिली असती त्यांनी?"

"ते कळलंच नाही ना," मी म्हणालो. "मी विचारलं नाही."

ती खाली आली. तिचे कान लालबुंद झाले होते, पण ती हंडे घेतलेल्या बायकांसमोर जाऊन उभी राहिली. "काकू, संध्याकाळपर्यंत विहिरीला पाणी नाही. माणसं सांगण्यात चूक झाली, ती माझी. देवूकाका, तुमच्या बोअरवेलचं पाणी आज चार घरांना द्याल का? कुणाला किती ते तुम्हीच बघा."

देवूभाऊंनी मागे बांधलेले हात सोडले. आजवर त्यांच्याकडे कुणी सल्ल्याखेरीज काही मागितलं नव्हतं, आणि सल्लासुद्धा मागितला नव्हता. "नळी लागेल," ते म्हणाले आणि चक्क पळत गेले.

आम्ही दोघं तिच्या स्कूटरवर बसणार तेवढ्यात पुष्पलता वाडीतून आली. आमच्या पानमळ्याच्या आता तीनच ओळी उरल्यात. त्यातली ताजी खायची पानं तिने ओल्या फडक्यात बांधून आणली होती. "रिकाम्या हाताने काय निघालात? मामंजी पान दिल्याशिवाय कुणाला काम सांगायचे का?"

नव्हते सांगत. मला आठवलं. विहिरीच्या आधी आठवडाभर वडील घरोघरी जायचे. ओटीवर बसायचे, चहा घ्यायचे, गुराढोरांची चौकशी करायचे, आणि उठता उठता पान पुढे करायचे. घेतलं की माणूस बांधला गेला. मी त्यांच्यासोबत जायचो आणि कधी एकदा घरी जाऊन गोष्टीचं पुस्तक उघडतो असं मला व्हायचं.

धर्माजींचं घर सफाळ्याच्या पुढे, डोंगराकडच्या पाड्यावर. म्हातारबा अंगणात टोपलीचा काठ विणत बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

"धर्माजीकाका, आज विहिरीवर..."

"मेसेज आला व्हता. नातवानं वाचून दाखवला."

"मग?"

"मग काय? मेसेज साबनवालापन पाठवतो. येऊन सांगितलं कोनी? नाना, तुजा बाप या अंगनात यायचा. इथंच बसायचा. तुमी शिकलेली मानसं, तुमी टक टक करता. आमी समजलो, येवा वाटलं तर येवा."

जागृती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. फडकं सोडलं, एक पान काढून दोन्ही हातांनी पुढे केलं. "काका, माझं चुकलं. सकाळपासून पंप चालू आहेत, विहीर अर्धी झालीय, माणूस एकही नाही. सहाला पंप परत जाणार. मी तक्ता केला, पण तुम्हाला विचारलं नाही. काय करू?"

धर्माजींनी पान घेतलं. उलटं-सुलटं करून पाहिलं आणि चंचीत ठेवलं. "हवा बघली का विहिरीतली?"

"हवा?"

"अकरा वरसं बंद गाळ. वाईट हवा असते. आधी कंदील सोडायचा. विझला तर मानूस उतरवायचा नाय."

बारा जोखमींत बाबा होते, हवा नव्हती. हे मी मनातच म्हटलं. माझ्या चेहऱ्यावर मात्र काही उमटलं असावं, कारण जागृतीने माझ्याकडे पाहणं टाळलं.

"आणखी काय राहिलंय माझं?" तिने विचारलं आणि मोबाइल काढून लिहायला घेतलं. धर्माजी पहिल्यांदा हसले. "बरंच ऱ्हायलंय, पोरी. पंप दोन लावलेस, एक चालला असता, दुसरा गाळाच्या टायमाला पायजे. गाळ टाकनार कुठं? तो तर तुमच्याच नारळींना घालायचा, खत हाय. आन मानसं हळदीला गेलीत, जेवल्याबिगर उठनार नायत."

"तुम्ही निरोप द्याल?"

"माज्या शब्दावर येतील. तुज्या शब्दावर राबतील. तू जा."

ती पाड्यावरच्या चार घरी आणि हळदीच्या मांडवात एकटी गेली. मी धर्माजींपाशी बसून राहिलो. लांबून दिसत होतं. पहिल्या घरी ती उभीच होती. दुसऱ्या घरी बसली. तिसऱ्या घरातून हसण्याचा आवाज आला, आणि चौथ्या घरी ती बोलताना तिचे हात हलत होते. माझ्या मुलीचे बोलताना हात हलतात हे मला बत्तीस वर्षांत माहीत नव्हतं.

दीडला सहा माणसं विहिरीवर होती. कंदील तळाशी जाऊन तेवत राहिला, तेव्हा माणसं उतरली. दोराला घमेली लागली. पाणी वाटून मोकळे झालेले देवूभाऊ घमेली मोजायला आणि बघ्यांना कठड्यापासून लांब ठेवायला बसले. सल्ला द्यायला त्यांना वेळच उरला नाही. पुष्पलताने सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात केला, आणि त्याला तिने अर्धा तास नव्हे, लागेल तेवढा वेळ घेतला. मी कोण खाली उतरलं, कोण वर आलं, याची वही धरली. ती वही फार छान झाली, असं माझं मत आहे.

चारला जागृती हितेशकडे गेली. "हितेशभाई, सहाला संपणार नाही. आठ वाजतील. आत्ताच सांगतेय. काय करता येईल?"

हितेश तणतणला. टेम्पोचं, तारापूरच्या साइटचं, आयटीवाल्यांचं सगळं काढलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "सहाला सांगितलं असतं ना, तर पंप उचलूनच नेला असता. एक ठेवतो. उद्या सकाळी सातच्या आत मी येऊन घेऊन जाईन."

गाळातून चार बादल्या निघाल्या, एक कप्पी, कुणाच्या तरी खेळण्यातली आगबोट, आणि शेवटच्या घमेल्यात, आधीच्या कुठल्याच उपशात हाती न लागलेली, तळाच्या कपारीत रुतलेली पितळेची कळशी. काळी पडली होती, पण गळ्याशी नक्षी दिसत होती. माझ्या आईची. ती हरवली तेव्हा आईने एका भांडीवाल्यावर आळ घेतला होता आणि त्याला पुढे कधी वाडीत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

पुष्पलता कळशीकडे बघत राहिली. मग पदराने हात पुसत म्हणाली, "माझ्याच हातून सुटली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात."

"एक्केचाळीस वर्षं बोलली नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी सांगणार होते," ती म्हणाली. "मग ते भांडीवाल्याचं प्रकरण झालं. मग राहूनच गेलं."

दोरावरची सगळी माणसं हसली. मी हसलो नाही. मला उगाच आईला हे सांगावंसं वाटलं. ती आधी चिडली असती आणि मग त्या भांडीवाल्याला जेवायला बोलावलं असतं.

मंगळवारी माडीवर मुलाखत झाली. मी जिन्याखाली तांदूळ निवडत बसलो होतो. आमचा तांदूळ निवडलेलाच असतो. तिचं इंग्रजी भराभर चाललं होतं. मधे तिघा-चौघांचं हसणं ऐकू आलं आणि मी निवडून झालेला तांदूळ पुन्हा निवडायला घेतला. नंतर तिने सांगितलं की तिने सुरुवातच अशी केली होती: माझ्या प्रकल्पाच्या दिवशी एकही माणूस आला नाही. पट्ट्या मात्र सगळ्या हिरव्या होत्या. त्यावर मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडेही हेच होतं." मग अर्धा तास ते विहिरीबद्दलच विचारत राहिले. चुकलंय हे कळलं केव्हा, कुणाला आधी सांगितलं, सल्ले देणाऱ्या शेजाऱ्याचं काय केलं.

शुक्रवारी दुपारी फोन आला. जागा मिळाली. हाताखाली चौदा माणसं. मात्र ती पुण्यात बसतात, तेव्हा एक तारखेपासून पुण्यात.

पुष्पलताने देवापुढे साखर ठेवली आणि त्याच पावलाने मसाल्याच्या बरण्या काढायला गेली. जागृती माझ्यासमोर उभी होती. अशा वेळी मी काय करतो ते मला ठाऊक आहे. 'छान झालं' म्हणतो, पुस्तक उघडतो, आणि वर्षभर एकाच पानावर राहतो.

"छान झालं," मी म्हणालो. मग उघडलेलं पुस्तक मिटलं. "पण तू गेलीस की मला करमणार नाही. सवय होईल असं मी म्हणेन, पण होणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

तिने मोबाइल बाजूला ठेवला. मग जमिनीवर बसली, पाड्यावर बसली होती तशी. "मग काय करता येईल, बाबा?"

मला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"महिन्यातले दोन शनिवार-रविवार मी इथे येईन," ती म्हणाली.

"तीन," मी म्हणालो. आयुष्यात मी कशासाठीही घासाघीस केलेली नाही. माझा आवाज ऐकून मीच दचकलो.

"तीन जमणं कठीण आहे. पण बघते."

आतून बरण्यांचा आवाज थांबला. "अहो, चार म्हणा की!" पुष्पलता ओरडली. "ती तीनवर येईल!"